आक्काची ब्राह्मी

आमच्या घरात ब्राह्मीवरून जे भांडण झालं, तसं भांडण मी जमिनीच्या बांधावरूनही कधी पाहिलं नाही. एका बाजूला आई, एका बाजूला आबा, आणि मधे चटईवर माझी थोरली बहीण शालन, जिला मी आक्का म्हणते. सगळं तिच्यासाठीच चाललं होतं आणि तिचंच तिकडे लक्ष नव्हतं. ती भिंतीला टेकून बसायची. समोरच्या ताटातली भाकरी वाळून कडक व्हायची, आमटीवर साय धरायची, आणि कुणी हाक मारली तर बऱ्याच वेळाने 'आं?' म्हणायची. लग्नाआधी हिचं हसणं अख्ख्या आळीला ऐकू जायचं. आबा वैतागून म्हणायचे, 'हळू गं बाई, त्या तबकड्यांत जाईल तुझा आवाज!' खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आमच्या मळ्यातून दिसायच्या, त्यामुळे घरात हा विनोद नेहमीचाच होता. त्या उन्हाळ्यात तो कुणीच केला नाही.

आक्काचं सासर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं, मुलगी झाली, आणि दोन-अडीच महिन्यांची सोनी काखोटीला मारून आक्का सासरी गेली ती चांगली हसतखेळत गेली. तिकडे गेल्यावर तिची झोप उडाली. रात्र रात्र डोळे उघडे, मग अन्नावरची वासना गेली, मग पोरगी रडली तरी ही नुसती बघत बसायची. एका दुपारी ती पोरीला मांडीवर घेऊन विहिरीच्या पायऱ्यांवर बसलेली सापडली. 'खाली गार लागतं म्हनून बसले व्हते,' असं तिने मला नंतर सांगितलं, आणि माझा त्यावर तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. पण सासरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जीप आमच्या दारात उभी राहिली. आक्का उतरली, तिची पिशवी उतरली. पोरगी उतरली नाही.

तिची सासू, आमच्या विहीणबाई, जीपमधून खालीही न उतरता म्हणाल्या, "तुमची लेक तुमी संबाळा. बरी झाली की सांगावा धाडा, आमी बघाया येऊ. नीट दिसली तर नेऊ. पोर आमच्याकडंच ऱ्हाईल तवर."

आबांनी विचारलं, "आन् नीट न्हाई दिसली तर?"

"मग आमच्या पोराचं बी वय झालं न्हाई अजून," असं म्हणून त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. याचा अर्थ लहान मुलालाही कळला असता. सोडचिठ्ठी, दुसरी बायको, आणि सोनी कायमची त्यांची. आक्काच्या अंगावर तेव्हा दूध होतं. पोलकं पुढून ओलंगच्च व्हायचं आणि तिला त्याचंही भान नसायचं. आई फडकी गरम करून तिची छाती शेकायची, घट्ट बांधायची, आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. मला ते पाहवत नसे. मी कॉलेजात जायची वाट बघायचे, आणि कॉलेजात पोचले की घरी काय झालं असेल या धास्तीने जीव अर्धा व्हायचा.

नारायणगावच्या डॉक्टरांनी झोपेच्या आणि आणखी कसल्याशा गोळ्या दिल्या. 'हा आजार आहे, बरा होतो, धीर धरा,' असं ते म्हणाले. पण गोळ्यांनी धीर येतो होय! आबा तिला एका वैद्यांकडेही घेऊन गेले. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि सांगितलं, "ब्राह्मी द्या. ताज्या पाल्याचा रस, रोज सकाळी." झालं. आबांना वाटलं, सुटलो. ब्राह्मी काय, आपल्या पाटाच्या चारीला पायलीभर आहे. आईला वाटलं, सुटलो. ब्राह्मी काय, आपल्या माहेरी झऱ्याझऱ्याला आहे. घरी येऊन दोघं बोलायला लागले तेव्हा कळलं की एकाच नावाने दोघं दोन वेगळ्या वनस्पतींबद्दल बोलतायत.

आईचं माहेर घाटघरच्या अंगाला, मावळात. तिकडे पाऊस मुसळधार, झऱ्यांचा ओलावा उन्हाळ्यातही सुटत नाही, आणि तिथली ब्राह्मी म्हणजे लांब देठावरचं वाटोळं, कडेला कातरलेलं पान. आबा कोरड्या पूर्वेकडचे. त्यांची ब्राह्मी म्हणजे पाटाच्या झिरपणीत चिखलावर सरपटणारा, बोटाच्या पेराहूनही लहान पानांचा मऊ वेल.

"अवो, ती कसली ब्राह्मी! म्हशी तुडवत्यात तिला," आई म्हणाली.

"आन् तुझी ती मावळातली पानं? चटणीत घालत्यात तुज्या माहेरी. चटणीनं डोकं ठिकाणावर येतं व्हय?"

"माज्या आजीनं किती जनांना बरं केलंय त्या पानानं!"

"तुज्या आजीला इचार मग जा!" आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आई चवताळून उठली, ताट जोरात आदळलं, आणि मग दोघंही एकदम माझ्याकडे वळली. मी ओतूरला बी.एस्सी.ला होते, वनस्पतिशास्त्र घेऊन. "मंदे, तू शिकतीस ना झाडपाल्याचं? सांग मग खरी कंची ते!"

मला काय कळत होतं कपाळ! मी दोघांच्या सांगण्यावरून दोन्ही पाने वहीत चितारून कॉलेजातल्या सरांकडे नेली. सर हसले. म्हणाले, "अगं, दोन्हींना ब्राह्मी म्हणतात. विद्वानांचंही हेच भांडण आहे, तुमच्या घरी ते आत्ता पोचलं एवढंच." वाटोळ्या पानाची ती मंडूकपर्णी, गाजर-कोथिंबिरीच्या गोतातली. सरपटणारी ती नीरब्राह्मी, तिचा हिच्याशी काडीचा संबंध नाही. वैद्यांना विचारावं म्हणून आबा पुन्हा गेले, तर ते चिडून म्हणाले, "ब्राह्मी म्हणजे ब्राह्मी!" ते स्वतः पुण्याहून तयार चूर्ण आणायचे. पाला त्यांनी बहुधा कधी पाहिलाच नव्हता.

तेव्हा ठरलं की दोन्ही द्यायच्या. पण द्यायला हव्यात ना! पाटाला पाणी सोडायचं आवर्तन बंद झालेलं, चारी कोरडी ठणठणीत, आबांच्या 'पायलीभर' ब्राह्मीच्या जागी भेगा पडलेला चिखल. आई एसटीने घाटघरकडे गेली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पाने घेऊन आली, पण त्या उन्हात पोचेपर्यंत त्यांचं वाळलेल्या मेथीसारखं झालं होतं. मी आणि आबा चारीच्या काठाकाठाने उन्हातान्हात हिंडलो. आबा मधेच थांबायचे, उपरण्याने तोंड पुसायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, 'कुटं गेली आयला, एवढी व्हती.' त्यांचा आवाज रडवेला व्हायला लागला तसं मी त्यांच्याकडे बघणं बंद केलं. शेवटी रस्त्याच्या एका मोरीखाली, जिथे दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी गळत होतं, तिथे सावलीत हातभर हिरवं दिसलं. आबा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी चिखलात हात घातला. आम्ही ती गाळासकट घमेल्यात घालून आणली, आणि गुरांच्या जुन्या सिमेंटच्या डोणीत, अंगणात, लिंबाच्या सावलीला लावली.

आता पन्नाशी उलटली, आयुष्यभर मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, तरी नीरब्राह्मी शिकवताना मी अजून फळ्याकडे तोंड करून डोळे पुसते. मुलांना वाटतं बाईंना खडूची ॲलर्जी आहे. साधी वनस्पती आहे हो. खोड मऊ, पाणीदार, जमिनीवर लोळत जाणारं. प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने, त्यांना देठच नाही, थेट खोडाला चिकटलेली, जाडसर, टोकाला गोल. ज्या पेराला ओल लागेल तिथून पांढरी मुळं सुटतात. चव अशी कडू की जीभ तोंडात ठेवावीशी वाटत नाही. आणि फूल एकटंच, एका पानाच्या बगलेतून, पानाहून लांब देठावर वर आलेलं, पांढरट, जांभळी झाक असलेलं, पाच पाकळ्यांचं.

रस द्यायचं काम आईचं, फूल बघायचं काम माझं. मला प्रॅक्टिकलसाठी त्याची चित्रं काढायची होती. एका सकाळी मी डोणीशी पाट मांडून बसले, ब्लेडने फूल उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं. आक्का लिंबाखाली नेहमीसारखी बसली होती. रस पिऊन तिचं तोंड वाकडं झालेलं होतं, तेवढाच काय तो तिच्या चेहऱ्यात जिवंतपणा.

"कशाला फाडतीस त्याला?"

मी दचकले. किती दिवसांनी तिने स्वतःहून वाक्य उच्चारलं होतं! आत चुलीपाशी आईची भाकरी थापायचा आवाज थांबला.

"आत काय असतं ते बघायला," मी म्हटलं. "बघतीस?" आणि तिच्या हातात भिंग दिलं. भिंग हलू नये म्हणून मी तिचं मनगट धरलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चार हायेत. दोन उंच, दोन बुटक्या." पुंकेसर चार, दोन लांब, दोन आखूड. वर्गातल्या अर्ध्या मुलांना ते दिसत नाहीत. आईने आतून हाक मारून विचारलं, "काय म्हनली गं, काय म्हनली?" आणि पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

त्या दिवसापासून ती डोणीशी बसू लागली. आधी नुसती बसायची, मग बघायची, मग मला सांगायची. तुटलेला तुकडा चिखलात खोचला तर त्याला मुळं फुटतात हे तिने करून पाहिलं आणि डोण भरून टाकली. फुलाखाली पाच हिरवी पाने असतात, ती सारखी नसतात, बाहेरचं सगळ्यांत रुंद, आतली चिंचोळी, हे तिनेच मला दाखवलं. माझ्या चित्रात मी पाची सारखी काढली होती. "ह्ये खोटं काढलंस," म्हणून तिने वही परत केली आणि ओठाच्या कोपऱ्यात हसली. मी इतकी आनंदले की दिवसभर कुणीही शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती झोपू लागली. दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागली. हळूहळू सोनीचं नाव काढू लागली, आणि तेव्हा मात्र तिला धरून ठेवावं लागायचं. अंग टाकून रडायची. 'तिला वरचं दूध पचत नसंल गं. तिला कुशीवर निजवत नसतील. ती उताणी घाबरती.'

लोक मला अजून विचारतात, मग ब्राह्मीने गुण आला ना? मी सांगते, बाबांनो, गोळ्याही चालू होत्या, दिवसही गेले होते. कशाने काय झालं ते मला ठाऊक नाही आणि मी खोटं सांगणार नाही. माझी बहीण परत आली होती, एवढं खरं.

आबांनी सांगावा धाडला. मंडळी बघायला येणार! बघायला येणं हा शब्द आमच्याकडे मुलीचं लग्न ठरवताना वापरतात, आणि आईनेही सगळं तसंच केलं. घर सारवलं, आक्काला लग्नातलं लुगडं नेसवलं, केसांत गजरा माळला. मासवड्या केल्या. बेसन घोटून घोटून तिचे हात भरून आले, तीळ-खोबऱ्याचा खमंग वास रस्त्यापर्यंत गेला, वर झणझणीत रस्सा. आक्का सकाळपासून आत-बाहेर करत होती. जीप आली तशी ती दाराशी गेली. विहीणबाई उतरल्या, आक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी उतरले, एक चुलत सासरे उतरले. आक्का जीपच्या आत बघत राहिली. मागचं फडकं उचलूनही बघितलं.

"उनाचं कुटं आनायचं पोरीला," विहीणबाई म्हणाल्या.

आक्काने मान डोलावली. आत गेली, पाणी दिलं, पाया पडली, पाने वाढली. चुलत सासऱ्यांनी आज वार कोणता, माहेरात माणसं किती, चहाला किती जणांचं आधण ठेवावं लागेल, असलं काहीबाही विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं. दाजी खाली मान घालून मासवडी खात होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले, ते मी बघितलं. आबा माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते. जमलं होतं. खरंच जमलं होतं!

जेवणं झाल्यावर विहीणबाई हात धुवायला अंगणात आल्या. आक्का तांब्या घेऊन मागोमाग. त्यांनी डोणीकडे पाहिलं. "ह्यो कसला पाला लावलाय?"

आईचा चेहरा उतरला. वेड्यासाठी ब्राह्मी, हे त्यांच्याकडेही सगळ्यांना माहीत. आई घाईघाईने म्हणाली, "तन हाय, आपसूक आलंय."

पण आक्का डोणीशी वाकली होती. रोजची सवय. तिने एक पेर उचललं आणि मला सांगायची तशीच शांतपणे सासूला सांगू लागली. "ब्राह्मी हाय, आत्याबाई. ही बघा. हिचं फूल एका दिसात गळून पडतं. पर ही बाहेरची हिरवी पानं हायेत ना, ती न्हाई सोडत. आतल्या बोंडाला दाबून धरत्यात. मोटं पान सगळ्यात वर. बी पिकंस्तवर कुनाला हात लावू देत न्हाईत."

पुष्पकोश टिकून राहतो आणि फळाला वेढतो. यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. विहीणबाई दोन पावलं मागे सरल्या. त्यांना ते काय वाटलं कुणास ठाऊक. टोमणा वाटला की चळ वाटला, मी आजवर ठरवू शकले नाही. त्या ओल्या हातानेच जीपकडे निघाल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "चला हो! अजून पाल्याशी बोलतीया."

आबा धावले, काकुळतीला आले. आई म्हणाली, "अवो, ती शिकलीया ते, तिच्या बहिनीकडनं, खरंच तसं असतंय!" मी ओरडून सांगितलं की पुस्तकात आहे, दाखवते, थांबा. कोण थांबतंय! चुलत सासरे पुढे चढून बसले. दाजी आई आणि विहीणबाईंच्या मधे नुसते उभे. बाई, काय राग आला मला त्या माणसाचा! एक शब्द बोलायचा होता त्याने, एक.

या गोंधळात आक्का कुठे गेली ते कुणाला दिसलं नाही. विहीणबाई जीपमध्ये चढायला गेल्या तर ती आत बसलेली. मागच्या बाकावर, पिशवी न घेता, अनवाणी, दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरून.

"उतर."

"न्हाई."

"उतर म्हनते ना खाली!"

"मला कुटं बी ठेवा. गोठ्यात ठेवा. पोरगी माजी हाय." आवाज चढलेला नव्हता. चुलत सासऱ्यांनी पुढून उतरून येऊन तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला, एक सोडवलं की दुसरं आवळायची. शेजारीपाजारी जमले होते, त्यांच्यापुढे बाईमाणसाला ओढून काढणं त्यांना बरं दिसेना. शेवटी दाजी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल." तेवढंच बोलले ते त्या दिवसभरात. आई मासवड्यांचा डबा घेऊन मागून पळाली, पण धुरळ्यात जीप पार वळणापलीकडे गेली होती.

पुढचे दिवस कसे काढले ते आम्हांला ठाऊक. रस्त्याला गाडी थांबली की आबा उठून उभे राहायचे. आई म्हणायची, तिला मारली असंल, विहिरीत ढकलली असंल. मग मला राहवेना, मी एकटीच एसटी बदलत बदलत घोडेगावला गेले आणि पुढे चालत. आक्का गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होती. वाळली होती. पण सोनी तिच्याजवळ होती, चांगली गुबगुबीत, आणि पोरीचं मनगट तिने पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं होतं. भाकरी थापतानाही ती गाठ सोडत नव्हती.

"चल की दोन दिवस घरी. आई झुरतीया."

"कसं येऊ? पोरीला न्हेऊ देत न्हाईत. आन् मी एकली हितनं भायेर पडले, की आतनं कडी लावतील." पदराची गाठ घट्ट करत म्हणाली, "तू शिकलीस ना मंदे. तूच सांग, काय करू."

मी निघाले तेव्हा ती फाटकाच्या आतच उभी राहिली.

वर्षं गेली. तिला पुढे घरात घेतलं, कामाला वाघीण म्हणून नावाजलंसुद्धा, विहीणबाईही म्हातारपणाने मऊ झाल्या. पण आक्का माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, माझ्या लग्नाला नाही. आई गेली तेव्हा सोनी शाळेत जाणारी झाली होती. मढं घरात ठेवून आबांनी मला गाडी देऊन पाठवलं, म्हणाले, तिला घेऊनच ये. आक्का ओट्यावर धान्य पाखडत होती. मी सांगितलं तशी तिने सूप खाली ठेवलं आणि असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. विहीणबाई स्वतः बाहेर आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "जा गं बाई, जा. आईचं तोंड बघून ये."

आक्का डोळे पुसत उठली. "सोनीला घेऊन जाते."

"तिला कशाला मढ्याच्या घरात? ऱ्हाऊ दे तिला. तू ये जाऊन."

त्या चांगल्या मनाने बोलत होत्या. मला दिसत होतं, दाजींना दिसत होतं. मी आक्काचा हात धरला आणि म्हटलं, "चल, गाडी उभी आहे, संध्याकाळी मी स्वतः आणून सोडते." तिने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या पोरीकडे. माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

"तू जा, मंदे. थांबू नको. उशीर करू नका आईला," ती म्हणाली, आणि सोनीला हाताशी धरून आत गेली.

आईला आम्ही तिच्याविनाच पोचवलं.